स्वयंपाकघरातील वीज मधूनच का जाते?
हॉटेल, बेकरी व केटरिंग व्यावसायिकांसाठी एक धडा

हॉटेल, खानावळ, बेकरी आणि केटरिंग या धंद्यांत आपल्या समाजातील बरीच मंडळी आहेत. भांडवल थोडे, मेहनत भरपूर आणि नफा रोजच्या विक्रीवर अवलंबून, असे या धंद्याचे स्वरूप आहे. पूर्वी चूल, भट्टी आणि माणसाचे हात यांवर काम चालत असे. आज पीठ मळायला मशीन, मसाला वाटायला ग्राइंडर, मांस ठेवायला मोठा फ्रिज आणि तयार अन्न गरम ठेवायला विजेचा काउंटर आला आहे. वीज संपूर्ण गेली तर सर्वांना कळते आणि जनरेटर सुरू होतो. खरा त्रास असतो तो मधूनच जाणाऱ्या आणि आपोआप परत येणाऱ्या विजेचा. मेकॅनिक येतो तेव्हा यंत्र व्यवस्थित चालत असते. तो परतला की पुन्हा बंद पडते.

आम्ही कापडाच्या व्यापारातले. आमचा आणि स्वयंपाकघराचा संबंध दस्तरखानापुरताच. पण भिवंडीत राहणाऱ्या माणसाला यंत्रमागाची शेड परकी नसते, आणि शेडमध्ये वावरणाऱ्या माणसाला फेज, न्यूट्रल आणि मोटार जळणे हे शब्द शिकवावे लागत नाहीत. शेडमध्ये शिकलेली एक गोष्ट आमच्या भाच्याच्या स्वयंपाकघरात कामी आली. ती आधीच आठवली असती तर नुकसान टळले असते, आणि एका निरपराध माणसावर आळ आला नसता. तोच अनुभव वाचकांपुढे ठेवत आहोत.

घडलेली हकीकत

आमच्या भाच्याचा केटरिंगचा लहानसा व्यवसाय आहे. २०२४ च्या रमजानमध्ये, मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यात, त्याच्याकडे इफ्तारच्या पार्सलांचे काम जोरात होते. अशा वेळी चार दरवाजांचा मोठा फ्रिज मधूनच बंद पडू लागला. कधी दहा मिनिटे, कधी अर्धा तास. मेकॅनिकने येऊन प्लगच्या भोकात टेस्टर घातला, टेस्टर पेटला, आणि त्याने निकाल दिला : "वीज येते आहे, दोष फ्रिजमध्ये आहे." प्रथम थर्मोस्टॅट बदलला. चार दिवसांनी पुन्हा तीच तक्रार. मग कॉम्प्रेसरची रिले बदलली. पैसे गेले, दोष राहिला.

एका रात्री नऊला स्वयंपाकघर बंद झाले. पहाटे तीनला सहरीच्या ऑर्डरींसाठी कुलूप उघडले तेव्हा फ्रिज बंद होता आणि आत हात घातला तर ऊब लागत होती. मसाला लावून ठेवलेले ३८ किलो चिकन त्यात होते. भाच्याने आम्हाला फोन केला. "मामू, वास अजून आलेला नाही. चांगले खरपूस शिजवले तर चालेल ना?" आम्ही त्याला एवढेच म्हणालो, "बेटा, लोक आपल्या भरवशावर रोजा सोडतात. त्यांचे पोट ही आपल्याकडे अमानत आहे." बंद दरवाजाचा फ्रिज वीज गेल्यावर साधारण ४ तास थंडावा धरतो. भरलेला डीप फ्रीजर दरवाजा न उघडल्यास ४८ तासांपर्यंत टिकतो. फ्रिजमधील मांस त्यापुढे उबेत राहिले तर ते टाकून द्यावे, कारण काही जंतूंनी सोडलेले विष शिजवूनही नाहीसे होत नाही. ते चिकन टाकले.

त्यानंतर जे घडले ते अधिक वाईट. रात्री स्वयंपाकघर बंद करण्याची जबाबदारी एका तरुण कामगाराकडे होती. फ्रिजचा स्विच त्याच्याच जाण्यायेण्याच्या वाटेवर. मुकादमाने ठरवून टाकले की यानेच स्विच बंद केला असणार. फ्रिज थांबला की तो स्विच खालीवर करून पाहत असे, हे दोघातिघांनी पाहिले होते, आणि तेवढाच पुरावा पुरेसा मानला गेला. त्याचा पगार कापायचे ठरले. कबूल करायला हरकत नाही की, त्या दिवशी आम्हीही त्यावर विश्वास ठेवला.

मागाची वही स्वयंपाकघरात

दुसऱ्या दिवशी जुहरनंतर शेडमधून जाताना भिंतीला टांगलेली वही दिसली. माग थांबला की त्यात लिहायचे असते : किती वाजता थांबला, कशामुळे थांबला, ताणा तुटला की बाणा संपला, की वीज गेली. एकच माग थांबला की रांगच्या रांग थांबली, हेही त्यात येते. मागाच्या बाबतीत आम्ही कधी वहीशिवाय कोणावर ठपका ठेवत नाही. मग भाच्याच्या कामगारावर कसा ठेवला, हा प्रश्न मनाला लागला.

आम्ही भाच्याला शंभर पानी वही दिली, त्यात सहा रकाने आखले आणि सांगितले की सहा दिवस मेकॅनिकला बोलवू नको, फक्त लिही. तोपर्यंत मांस नातेवाइकाच्या डीप फ्रीजरमध्ये ठेवण्याची सोय केली. रकाने असे होते :

१) वीज गेल्याची नेमकी वेळ.
२) कोणकोणती यंत्रे थांबली.
३) कोणती यंत्रे आणि कोणते दिवे चालू राहिले.
४) त्या क्षणी काय काय सुरू होते आणि नुकतेच काय सुरू केले.
५) एमसीबी खाली पडली होती की वर होती.
६) वीज परत कधी आली : आपोआप, की कोणी काही केल्यावर.

सहा दिवसांत नऊ नोंदी झाल्या. त्या एकाखाली एक वाचल्या आणि डोळे उघडले. नऊपैकी आठ वेळा फ्रिज एकटा थांबला नव्हता. पीठ मळण्याचे मशीन किंवा अन्न गरम ठेवण्याचा काउंटर सुरू असेल तर तेही त्याच क्षणी थांबले होते. छतावरचे दिवे आणि तीन फेजचा ओव्हन मात्र चालू होता. पूर्वी हे कोणाच्या लक्षात का आले नाही? पीठ मळणारा समजत होता की मशीन तापल्यामुळे थांबते. काउंटरचे पाणी अर्धा तास गरम राहते, म्हणून वाढणाऱ्याला काही कळत नव्हते. फ्रिजवाला फ्रिजला दोष देत होता. दोष एक, आणि तीन माणसांची तीन स्पष्टीकरणे!

नऊपैकी आठ वेळा वीज गेली ती दुपारी साडेचार ते साडेसहा या वेळात, म्हणजे इफ्तारच्या गडबडीत तिन्ही यंत्रे एकदम सुरू असताना. नवव्या वेळी सकाळी फक्त फ्रिज सुरू होता, पण कोणीतरी वीज-बोर्डाचा पत्र्याचा दरवाजा जोरात आपटला होता. एमसीबी एकदाही खाली पडली नव्हती. आणि नऊपैकी चार वेळा तो तरुण कामगार स्वयंपाकघरात नव्हताच, पार्सले पोहोचवायला गेला होता.

दोष कोठे सापडला

आम्ही आमच्या शेडचे जुने वायरमन, परवानाधारक माणूस, यांना बोलावले. त्यांनी यंत्रांना हातही लावला नाही. पाच मिनिटे वही वाचली आणि विचारले, "ही तिन्ही यंत्रे एकाच छोट्या बोर्डावर आहेत ना?" होती. मेन स्विच बंद करून, वीज नसल्याची खात्री करून त्यांनी मुख्य बोर्ड उघडला. सर्व न्यूट्रल जेथे एकत्र येतात त्या पितळी पट्टीवर एका स्क्रूखाली दोन वायरी दाबलेल्या होत्या, एक जाड, एक बारीक. जाड वायर घट्ट वाटावी आणि कालांतराने ढिली व्हावी अशीच ती रचना. तिचे आवरण तपकिरी होऊन कडक झाले होते. पेचकस लावताच स्क्रू जवळजवळ पूर्ण एक फेरा फिरला. पीठ मळण्याचे मशीन त्याच भिंतीला लागून होते. ते चालले की भिंत थरथरायची, आणि तिच्याबरोबर तो ढिला जोडही.

आम्ही म्हणालो, "पण टेस्टर तर पेटत होता." ते म्हणाले, "शेठ, टेस्टर पेटला म्हणजे वीज आली एवढेच कळते. तिला परत जायला वाट आहे की नाही, ते टेस्टर सांगत नाही."

हे वाक्य प्रत्येक हॉटेलमालकाने लक्षात ठेवावे. वीज फेजमधून येते, यंत्रातून जाते आणि न्यूट्रलमधून परतते. दोहोंपैकी कोणतीही वाट तुटली तरी यंत्र थांबते. टेस्टर फक्त फेज दाखवतो. उलट न्यूट्रल तुटलेला असेल आणि त्या लाइनवरील एखाद्या यंत्राचा स्विच चालू असेल, तर प्लगच्या दोन्ही भोकांत टेस्टर पेटतो. ती खूण दिसली की न्यूट्रल तुटला असे जवळजवळ निश्चित समजावे. अशा वेळी न्यूट्रलच्या वायरीलाही जबर झटका बसतो, म्हणून ‘काळी वायर आहे, काही होत नाही’ या समजुतीने हात लावू नये.

वायरमनने जळका तुकडा कापला, वायरीला नवीन थिंबल बसवले, न्यूट्रलची पट्टी बदलली आणि प्रत्येक वायरीला स्वतंत्र भोक दिले. या कामाचा खर्च आधी बदललेल्या थर्मोस्टॅटच्या किमतीपेक्षा कमी आला. त्यानंतर तो फ्रिज त्या कारणाने थांबलेला नाही.

ढिला जोड इतके नुकसान का करतो?

याचे गणित सोपे आहे. फ्रिज, पीठ मळण्याचे मशीन आणि २००० वॅटचा काउंटर मिळून त्या वायरीतून साधारण २१ अँपिअर वीज जात होती. चांगल्या जोडाचा विरोध ओहमच्या हजाराव्या भागांत मोजावा इतका कमी असतो. जोड ढिला किंवा गंजलेला असून त्याचा विरोध फक्त ०.२ ओहम झाला असे धरू. उष्णता म्हणजे अँपिअरचा वर्ग गुणिले विरोध. २१ गुणिले २१ गुणिले ०.२, म्हणजे सुमारे ८८ वॅट. जुन्या १०० वॅटच्या पिवळ्या बल्बला हात लावून पाहिलेल्यांना ही उष्णता किती ते कळेल. तेवढी उष्णता एका स्क्रूच्या टोकावर!

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, या जोडावर व्होल्टेज पडते ते केवळ २१ गुणिले ०.२, म्हणजे ४ व्होल्टच्या आसपास. प्लगमध्ये मीटर लावला तर २३० ऐवजी २२६ दिसेल आणि कोणीही म्हणेल की पुरवठा उत्तम आहे. एमसीबीही पडणार नाही, कारण तिच्यातून ठरल्यापेक्षा जास्त वीज जात नाही. ढिला जोड गुपचूप तापत राहतो, आग लागेपर्यंत.

म्हणून मोजमाप नेहमी यंत्रांवर पूर्ण लोड असताना करावे. सगळे बंद ठेवून मोजले तर जवळजवळ तुटलेली वायरही पूर्ण २३० व्होल्ट दाखवते. लोड चालू ठेवून जोडाच्या दोन बाजूंमध्ये किती व्होल्ट पडतात हे वायरमनला मोजायला सांगावे. चांगल्या जोडावर हा आकडा नगण्य असतो. आता दुरून तापमान दाखवणारे इन्फ्रारेड थर्मामीटरही सहज मिळते. एकाच बोर्डावरील सारख्या लोडच्या स्क्रूंपैकी एकच जास्त गरम दिसला, तर बहुधा दोष तेथेच असतो. मात्र चालू बोर्डावरील हे काम जाणकारानेच करावे.

विजेची वाट आणि अर्ध्यावर तोडण्याची रीत

दोष शोधताना वाट डोळ्यांपुढे आणावी : खांबावरील जोड, सर्व्हिस वायर, मीटर, मेन स्विच, जनरेटर असल्यास चेंजओव्हर, मुख्य बोर्ड, छोटा बोर्ड, एमसीबी, भिंतीतील वायर, सॉकेट, प्लग, यंत्राची दोरी आणि शेवटी यंत्र. एका टोकापासून सुरुवात करण्यापेक्षा वाट मधोमध तोडावी. वहीतील दुसरा आणि तिसरा रकाना हे काम फुकटात करतो.

सर्व दुकानाची वीज गेली असेल तर शेजाऱ्याकडे पाहावे. त्याचीही गेली असेल तर दोष बाहेरचा. आपलीच गेली असेल तर दोष सर्व्हिस वायर, मीटर किंवा मेन स्विचपाशी. मीटरपर्यंतचे काम वीज कंपनीचे आहे. तेथील सील तोडू नये, तक्रार नोंदवून तिचा क्रमांक वहीत लिहावा. एकाच बोर्डावरील सर्व यंत्रे थांबली तर त्या बोर्डाला येणारी फेज किंवा न्यूट्रल तपासावी. एकच यंत्र थांबले तर ते दुसऱ्या बोर्डावरील योग्य सॉकेटवर दोन दिवस चालवावे. दोष यंत्राबरोबर गेला तर यंत्रात, जुन्या जागीच राहिला तर सॉकेटमध्ये किंवा भिंतीत. जनरेटरवर सगळे सुरळीत आणि कंपनीच्या विजेवर मात्र अडचण असेल, तर चेंजओव्हर स्विचचे त्या बाजूचे जळलेले पॉइंट किंवा त्याच्या पलीकडची वाट तपासावी.

इतर कारणे आणि त्यांच्या खुणा

ढिला जोड हे सर्वांत जास्त आढळणारे कारण असले तरी एकमेव नाही. पुढील खुणा ध्यानात ठेवाव्यात.

जास्त लोड : एमसीबी अर्धा-पाऊण तास चालल्यावर पडते, थंड झाल्यावर पुन्हा उभी राहते. एमसीबीचा स्वभाव असा आहे की तिच्या मापाच्या १.१३ पट वीज ती तासभर तरी सहन करते, आणि १.४५ पटीला तासाभरात पडते. म्हणजे ३२ अँपिअरची एमसीबी ३६ अँपिअरला लगेच पडणार नाही. टाँग टेस्टरने गर्दीच्या वेळी अँपिअर मोजले की हे स्पष्ट होते. १६ अँपिअरच्या सॉकेटवर ३००० वॅटचा फ्रायर १३ अँपिअर घेतो. त्याच सॉकेटवर मल्टिप्लग लावून २००० वॅटचे दुसरे यंत्र जोडले की २१ अँपिअरच्या वर जाते. सॉकेट काळे पडणे ही त्याची पावती.

शॉर्ट किंवा मोटारीचा झटका : यंत्र सुरू करताच एमसीबी ताबडतोब पडते. मोटार सुरू होताना नेहमीपेक्षा कितीतरी पट जास्त वीज ओढते. ‘बी’ प्रकारची एमसीबी ३ ते ५ पटीला लगेच पडते, ‘सी’ प्रकारची ५ ते १० पटीला. मोटारीच्या लाइनवर चुकून ‘बी’ प्रकार बसवला असेल तर यंत्र निर्दोष असूनही त्रास होतो.

ओलावा आणि गळती : येथे एमसीबी नव्हे, आरसीसीबी पडते. तीस मिलिअँपिअरची आरसीसीबी माणसाचा जीव वाचवण्यासाठी असते. जाणारी आणि परतणारी वीज यांत एवढा फरक पडला की ती वीज तोडते. आपल्या भागात पावसाळ्यात हे वारंवार घडते. फ्रायर किंवा ओव्हनचे हीटर काही दिवस बंद राहिले की त्यांच्यातील पांढरी भुकटी हवेतील ओलावा शोषून घेते. मग पहिल्यांदा चालू करताच आरसीसीबी पडते. फरशी धुतल्यावर पडत असेल तर जमिनीलगतचे सॉकेट आणि यंत्राच्या तळाशी असलेले जोड पाहावेत. अशा वेळी वायरमनकडून मेगरने तपासणी करून घ्यावी, आणि एकेक यंत्र काढून कोणते दोषी आहे ते ठरवावे.

एक फेज जाणे : तीन फेजची मोटार गुणगुणते पण फिरत नाही, किंवा फिरते पण दम लागल्यासारखी. मागाच्या धंद्यात याने किती मोटारी जळल्या याची गणती नाही. ओव्हरलोड रिले आपोआप पूर्ववत होणारी असेल तर मोटार थांबते, थंड होते, पुन्हा सुरू होते आणि मालक म्हणतो ‘वीज मधूनच जाते’. ती रिले हाताने पूर्ववत करण्याच्या प्रकारावर ठेवावी, म्हणजे दोष लपणार नाही.

मुख्य न्यूट्रल सुटणे : तीन फेजच्या कनेक्शनमध्ये हा सर्वांत घातक प्रकार. काही दिवे मंद होतात आणि त्याच वेळी काही दिवे झगझगीत होतात. एका फेजवर २००० वॅटचा हीटर आणि दुसऱ्यावर ५०० वॅटचे यंत्र असेल, तर न्यूट्रल सुटल्यावर दोघे मिळून ४०० व्होल्ट आपसात वाटून घेतात. मोठ्याला ८० व्होल्ट मिळतात आणि लहानाला ३२०! लहान यंत्र काही क्षणांत जळू शकते. दिवे असे वागताना दिसताच विचार न करता मेन स्विच बंद करावा.

कमी व्होल्टेज : संध्याकाळी व्होल्टेज उतरले की फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू व्हायला धडपडतो, तापतो आणि त्याचे संरक्षक बटण वीज तोडते. थोड्या वेळाने पुन्हा जोडते. ‘टक्’ असा आवाज काही मिनिटांच्या अंतराने येत राहणे ही त्याची खूण. थांबलेला कॉम्प्रेसर निदान तीन मिनिटे तरी पुन्हा सुरू करू नये. म्हणूनच घाईने स्विच खालीवर करण्याची सवय वाईट.

काय करू नये

१) वारंवार पडणारी एमसीबी काढून मोठ्या मापाची बसवू नये. तिने भिंतीतील वायरीचे रक्षण करायचे असते. चार चौरस मिलिमीटरच्या वायरीवर ६३ अँपिअरची एमसीबी म्हणजे आगीला दावत.
२) आरसीसीबी बायपास करू नये. ‘धंद्याच्या वेळेपुरती’ केलेली बायपास वर्षभर तशीच राहते, आणि ओल्या फरशीवर अनवाणी उभा असलेला माणूस त्याची किंमत मोजतो.
३) अर्थिंग नाही म्हणून सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना जोडू नये. न्यूट्रल तुटला की यंत्राच्या पत्र्यावर थेट वीज उतरते. आमच्या भाच्याकडे असे जोडलेले असते, तर ३८ किलो चिकनवर निभावले नसते.
४) तांब्याची आणि अॅल्युमिनियमची वायर नुसती पिळून टेप लावू नये. तो जोड गंजतो आणि ढिला होतो. त्यासाठी मिळणारे योग्य थिंबलच वापरावे.
५) सॉकेट काळे पडले असेल तर केवळ सॉकेट बदलून थांबू नये. वायरीचे जळके, कडक झालेले टोक कापून ताजे टोक जोडावे, अन्यथा नवीन सॉकेटही महिनाभरात काळे होते.
६) बोर्ड स्वतः उघडू नये आणि कामगाराला उघडायला लावू नये. परवानाधारक वायरमनकडूनच काम करून घ्यावे.

वर्षातून एकदा

शाबान महिन्यात आपण रमजानच्या तयारीसाठी भांडी कल्हई करतो, मसाले भरतो. त्याच वेळी अर्धा दिवस विजेसाठी द्यावा. वायरमनकडून मेन बंद करून सर्व बोर्डांतील स्क्रू कसून घ्यावेत. एका स्क्रूखाली एकच वायर आहे ना हे पाहावे. तिन्ही फेजवरील लोड शक्य तितका सारखा वाटून घ्यावा. आरसीसीबीवरील टेस्टचे बटण दाबून ती पडते की नाही हे पाहावे. हे बटण तर दर महिन्याला कोणीही दाबू शकतो. पीठ मळण्याच्या किंवा वाटणाच्या मशीनच्या भिंतीवर बोर्ड असेल तर त्याची जागा बदलावी. फ्रिजमध्ये एक साधा थर्मामीटर आणि शक्य असल्यास वीज गेल्यावर वाजणारी बॅटरीची घंटी ठेवावी. ही घंटी असती तर त्या रात्री शेजारच्या चौकीदाराने तरी फोन केला असता.

आणि वही. ती मात्र वर्षभर भिंतीला टांगलेली असावी. मेकॅनिक आला की प्रथम त्याच्या हाती वही द्यावी, पेचकस नंतर.

शेवटी

यंत्र बदलण्यापूर्वी विजेची वाट तपासावी, आणि माणसावर संशय घेण्यापूर्वी वही तपासावी. या एका अनुभवातून आम्ही दोन्ही गोष्टी शिकलो. बदगुमानीपासून दूर राहण्याची आणि ऐकीव गोष्टीची तहकीक करण्याची शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. ती केवळ मजलिशीत ऐकण्याची गोष्ट नाही, दुकानातही तिचा अंमल व्हायला हवा. यंत्रावर चुकीचा ठपका ठेवला तर पैसे जातात. माणसावर ठेवला तर त्याची अब्रू जाते, आणि ती बाजारात विकत मिळत नाही.

दोष सापडला त्या संध्याकाळी, इफ्तारनंतर, भाच्याने त्या कामगाराला सर्वांसमोर बोलावले. पगारातून एक रुपयाही कापला जाणार नाही असे सांगितले आणि माफी मागितली. आम्हीही मागितली. तो म्हणाला, "चाचा, मी तर त्या दिवसापासून स्विचजवळून जाताना हात मागे बांधून जात होतो." आज स्वयंपाकघराची वही तोच लिहितो, आणि वेळ मिनिटापर्यंत लिहितो.

अल्लाह आपल्या सर्वांच्या रोजीत बरकत देवो आणि आपल्या हातून कोणावर अन्याय न होवो.